मीठ, कोळसा आणि तांब्याचा पत्रा

पौडच्या गोधडी कारखान्यात एका बाईनं करणी केली आणि खंडेनवमीच्या पूजेला यंत्रानं मालकांना उचलून फेकलं, ही गोष्ट आमच्या भागात अजून सांगितली जाते. ती बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणायचो. तिनं कसलीही करणी केली नव्हती. मालकांना विजेचा धक्का बसला होता, आणि तो बसावा म्हणून तार मी काढली होती.

मुळशीच्या धरणाची वीज कितीतरी वर्षं आमच्या डोक्यावरून मुंबईला जात होती. खाली आम्ही कंदिलाच्या काचा राखेनं पुसत होतो. पौडला वीज आली तेव्हा मी पुण्यात एका दुकानात विजेच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे आतल्या तारा नव्यानं गुंडाळायचं काम शिकून तयार झालो होतो. परत आलो आणि या कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे मालकांच्या राहत्या घराला लागून असलेली एक लांब खोली, वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन. गिरण्यांतून कापडाचे तुकडे यायचे, बायका ते जमिनीवर थराथरानं पसरून कच्चे टाके घालायच्या आणि मग ती गोधडी यंत्राखाली जायची. तिथून पुढं ती वसतिगृहात, नाहीतर इस्पितळात.

यंत्र एकच होतं. लांब हाताचं, लोखंडी स्टँडचं, खाली मोटर. त्यावर आक्का बसायची, कारण तिची ओळ वाकडी जात नसे. रिहे खोऱ्यातल्या आमच्या गावातच तिला दिली होती. नवरा मुंबईला गिरणीत, पदरात दोन पोरी. गावात तिच्या हाताला मान होता. आमच्याकडे बाळंतिणीचे दिवस भरत आले की बाळाच्या गोधडीचा पहिला टाका चांगल्या हाताच्या सवाष्णीकडून घालून घेतात. ती तांदळाचे चार दाणे गोधडीच्या पोटात टाकते, टाका घालते, आणि मग घरच्या बायका पुढचं शिवतात. त्या काळात आमच्या आळीतलं क्वचितच एखादं मूल असं असेल, ज्याच्या गोधडीत आक्काचा टाका नव्हता. तिला दुसरं कसलंच मोठेपण नव्हतं. हे एवढंच होतं.

यंत्राची मोटर मालकांनी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणली होती. तिचं दुखणं मी वर्षभर काढत होतो. कधी ती नुसतीच गुणगुणायची आणि फिरायची नाही. मग पट्टा हातानं ओढून तिला ढकल द्यावी लागे. तो कंडेन्सरचा दोष होता, तो मी बदलला. कधी फ्यूज उडायचा, तेव्हा कळायचं की कोणीतरी आठ थरांऐवजी बारा थर घातलेत आणि सुई अडकून मोटर जागच्या जागी तापली आहे. पण पावसाळा लागला तसा खरा दोष वर आला. आतल्या तारांवरचं वार्निश जुनं होऊन तडकलं होतं. मुळशीचा पाऊस म्हणजे भिंतींनाही घाम फुटतो. ती ओल मोटारीत शिरली आणि वीज तारांतून बाहेर पडून लोखंडी अंगात उतरू लागली. मी मोटर उघडून तिच्या आत पेटता दिवा सोडायचो, वर गोणपाट टाकायचो आणि ती वाळवायचो. दोन दिवस बरे जायचे. पुन्हा ओल.

बायका कारखान्यात अनवाणी. सारवलेली जमीन पावसात कधी वाळायचीच नाही. अशा जमिनीवर ओल्या पायांनी बसून त्या यंत्राला हात लावला की काय होतं, ते वीज न कळणाऱ्यालाही सांगायला नको. मालक मात्र पावसाळाभर रबरी बूट घालून वावरायचे, कारखान्यातही. त्यांना यंत्रानं कधी काही केलं नाही.

आषाढात एकदा आक्काला असा झटका बसला की ती मागच्या गोधड्यांवर पडली. मालक आले. त्यांनी यंत्रावर सगळा पंजा ठेवला, दुसऱ्या हातानं चाक फिरवलं आणि बायकांकडं बघून हसले.

“काय झालं? मला का न्हाई चावत? मी काय त्याचा जावई हाय?”

बायका हसल्या. मालकांच्या विनोदाला हसावंच लागे. मग त्यांनी आक्काला उठवलं आणि सगळ्यांसमोर पुन्हा हात लावायला सांगितलं. म्हणाले, कामचुकारपणा असेल तर आत्ताच दिसेल. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या खिशात टेस्टर होता. तो नुसता टेकवला असता तर आतला लाल दिवा सगळ्यांना दिसला असता. मी मोटारीचे स्क्रू बघितल्यासारखं करत खाली वाकलो. आक्कानं हात लावला. तिचा दंड खांद्यापर्यंत थरथरताना मी खालून पाहिला. तिनं तोंडातून आवाज काढला नाही. मालक म्हणाले, “बघा. काय झालं?” आणि गेले.

त्या दिवसापासून तिचं नाव ‘करंटवाली’ पडलं. पुण्याहून कोणी माल बघायला आलं की मालक तिला हाक मारायचे, आमची करंटवाली बघा म्हणायचे आणि हात लावायला लावायचे. ती लावायची. पाहुणे हसायचे. मी तिथंच असायचो.

मोटर नव्यानं भरून घ्या असं मी मालकांना सुचवलं. ते म्हणाले, फिरतीय ना? मग मी अर्थिंगची परवानगी मागितली. खड्डा खणायचा, त्यात तांब्याचा पत्रा पुरायचा, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा आणि तिथून एक तार यंत्राच्या स्टँडला बांधायची. अंगात उतरलेली वीज तारेतून जमिनीत जाते, माणसातून जात नाही. हे मी मालकांना त्यांच्या ओसरीवर बसून, जमिनीवर बोटानं रेघा काढून समजावलं. शेजारी त्यांच्या आई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांचा अडकित्ता थांबला.

“घरामागं मीठ-कोळसा पुरायचा? कुनी सांगितलं रं तुला? देवऋषानं?”

मी म्हणालो, पुण्यात सगळीकडं असंच करतात. त्या म्हणाल्या, पुण्यात लई काय काय करत्यात. मालक हसले आणि विषय संपला. हे बोलणं वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं. मीठ, कोळसा, तांब्याचा पत्रा आणि तार: चारही गोष्टी मालकांच्या आणि थोरल्या बाईंच्या कानांवर मी स्वतः घातल्या होत्या.

मालक मालाच्या कामासाठी पुण्याला मुक्कामी गेले तेव्हा मी परवानगीशिवाय खड्डा खणला. कारखान्याच्या मागच्या भिंतीला, जिथं रानकेळी माजली होती आणि कोणी फिरकत नसे. पत्र्यासाठी आक्कानं तिच्या फुटक्या तांब्याच्या हंड्याचं बूड दिलं. मी ते ठोकून सपाट केलं, भोक पाडलं, तार आवळली आणि भिंतीच्या बुडातून आत घेऊन स्टँडच्या मागच्या पायाला बांधली. ती पट्ट्याआड झाकली जायची. त्या दिवसापासून आक्काला मुंगीसुद्धा चावली नाही. मालकांनी पाहुण्यांसमोर हात लावायला सांगितलं की ती लावायची आणि खुशाल उभी राहायची. मालकांना वाटलं, तिनं नाटक सोडलं. “आलं का न्हाई वळण?” असं ते सगळ्यांना सांगत सुटले.

ते मला सहन झालं नाही. हे मी सावकाश लिहितो आहे, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही ते नीट सांगितलेलं नाही. धोका टळला होता. बहीण सुखरूप होती. तिथंच थांबायला हवं होतं. पण तिला वळण लावल्याचं श्रेय तो माणूस मिशीवर ताव देत घेतो आहे, हे मला रोज बघावं लागायचं. मोटर खोलताना, जोडताना माझ्या मनात एकच विचार असायचा: हा माणूस या यंत्रापुढं अनवाणी कधी येतो?

वर्षातून एकदा येतो. खंडेनवमीला.

गणपती गेले, पाऊस उघडला, तरी मोटारीतली ओल गेली नव्हती. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला तर तार काही कामाची नाही, म्हणून मी आक्काला सांगितलं होतं, घरी जाताना तिथं तांब्याभर पाणी ओतत जा. ती ओतायची.

खंडेनवमीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात आलो. स्टँडच्या पायाची तार सोडली आणि भिंतीच्या भोकातून मागं ढकलून दिली. बायकांनी आदल्या दिवशीच जमीन सारवून घेतली होती, ती पुरती सुकली नव्हती. यंत्राला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मालक आंघोळ करून, रेशमी सोवळं नेसून, ओल्या केसांनी आले. पाय उघडे. बूट उंबऱ्याबाहेर. हातात तांब्या.

मी म्हणालो, “मालक, यंत्र चालतं ठेवून पूजा करावी. पुण्यात असंच करतात.”

त्यांना ते पटलं. म्हणाले, कर चालू. मी खटका वर केला, मोटर फिरू लागली; पायटा दाबल्याशिवाय यंत्राचं चाक फिरत नसे. मी तिथंच उभा राहिलो.

त्यांनी आधी फूल वाहिलं, दुरून. मग यंत्रावर पाणी शिंपडलं. मग करंगळीजवळचं बोट कुंकवात बुडवून यंत्राच्या कपाळावर टेकवलं आणि तोल सावरायला दुसरा हात चाकावर ठेवला. हात चाकाला चिकटला. विजेनं मूठ आवळते, उघडत नाही. त्यांचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. बायकांना वाटलं, अंगात आलं. दोघींनी हात जोडले.

खटका माझ्या हाताखाली होता. मी तो लगेच ओढला नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. एवढं सांगतो की ओढायचा विचार मनात आला आणि तरी मी थांबलो. मग ओढला. ते मागं पडले, माळा तुटल्या, कोपर जमिनीवर आपटून मोडलं. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी त्यांच्या घरचं कोणी सांगत नाही: मालकांचं सोवळं भिजलं. सगळ्या बायकांसमोर, देवाच्या कामाला नेसलेलं रेशमी सोवळं. तांब्यातल्या पाण्यानं नाही. ते मी पाहिलं, आणि मला बरं वाटलं. आजही वाटतं. मालक जाऊन पुष्कळ वर्षं झाली, त्यांच्या फोटोला रोज ताजा हार असतो. तो असू द्या. पण हे लिहिलेलंही असू द्या.

त्यांना उचलून ओसरीवर नेलं. हाडवैद्य आला, त्यानं हात बांधला. सोवळं बदललं. अंगण माणसांनी भरलं. मी गडबडीत कारखान्याकडं वळलो, तार परत बांधायला. तेवढ्यात थोरल्या बाईंचा आवाज आला. मागच्या भिंतीपाशी ही बाई सांजेला पाणी ओतताना मी पाहिलंय, असं त्या सांगत होत्या. कोणीतरी कुदळ आणली. थोड्या वेळानं सगळं अंगणात आलं: ओलं मीठ, कोळसा आणि मधोमध भोक पाडलेला तांब्याचा पत्रा. पत्र्यावर माझ्या हातोडीचे घाव होते. माणसांना ती अक्षरं वाटली. एक म्हातारा ती वाचायचाही प्रयत्न करत होता.

थोरल्या बाईंनी आक्काला पुढं बोलावलं. विचारलं, पाणी तूच ओतत होतीस?

“व्हय,” आक्का म्हणाली. “मीच वतत हुते.”

“कशापायी?”

आक्कानं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं पाहिलं असतं तर सगळ्या अंगणानं पाहिलं असतं. 

मालक बाजेवर टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा. त्यांनी तो पत्रा जवळ मागवला, त्याला लोंबणारी तार बोटांत धरली आणि मला हाक मारली.

“मेस्त्री, ही तार तुजी हाय का?”

विचारताना ते माझ्याकडं सरळ बघत होते. त्यांना उत्तर माहीत होतं. त्याच ओसरीवर मी त्यांना ते सगळं बोटानं काढून दाखवलं होतं. पण ती माझी तार निघाली असती तर पुढचं सगळंच निघालं असतं: यंत्रात वीज उतरते, बाई खोटं बोलत नव्हती, हात लावायला लावून हसणारे हसत होते कशाला, आणि आज मालक पडले ते त्याच झटक्यानं. करणी निघाली तर त्यांची आब राहत होती. करणीनं भल्याभल्यांची सोवळी भिजतात. ते मला विचारत नव्हते, सौदा करत होते.

“न्हाई मालक,” मी म्हणालो.

आक्काला त्या दिवशी कारखान्यातून काढलं. मला ठेवलं. दिवाळी उलटायच्या आत मोटर पुण्याला जाऊन नव्यानं भरून आली. मग मालकांनी मला बोलावून, दुसरीकडं बघत, मागचा खड्डा पुन्हा भरायला सांगितला. पत्रा तोच. त्यांनी तो जपून ठेवला होता. मीठ नवं, कोळसा नवा. या वेळी थोरल्या बाईंनी खड्ड्याला हळद-कुंकू वाहिलं. ज्याला कोणाला त्या घरच्या शहाणपणाविषयी शंका असेल त्यानं हे ध्यानात घ्यावं: ज्या वस्तूंची करणी म्हणून दवंडी पिटली, त्याच त्यांनी पुन्हा पुरल्या, त्याच जागी, माझ्याच हातून. पण गावात जाऊन कोणाला तसं सांगितलं नाही.

काढून टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आक्काच्या घरी गेलो होतो. ती परसात धुणं वाळत घालत होती. मी म्हणालो, तार मी तुझ्यासाठी काढली होती. त्यानं तुला सगळ्यांसमोर उभं केलं म्हणून. तिनं लुगडं झटकलं, दोरीवर टाकलं, टोकं जुळवली.

“माज्यासाटी न्हाई काडलीस,” ती म्हणाली. “तुला तवा बोलता आलं न्हाई, म्हनून काडलीस. आन काल परत न्हाई आलं.”

 

तिनं मात्र कधी कोणाला माझं नाव सांगितलं नाही. मुंबईहून नवरा आला तेव्हा त्यालाही नाही. ती लोकांच्या भातलावणीला जाऊ लागली. थोरल्या पोरीचं स्थळ दोनदा ठरून मोडलं. दोन्ही वेळा माणसं पौडला चौकशी करून आली होती. आळीतल्या बाळांच्या गोधड्यांना तिला कोणी बोलावेना. तिच्या दारावरून बायका दुसऱ्या सवाष्णीकडं सुईदोरा घेऊन जायच्या. ती दारातच बसलेली असायची.

मागच्या वर्षी मालकांच्या नातवांनी गादी-गोधड्यांचं मोठं दुकान काढलं. जुना कामगार म्हणून मला बोलावलं, शाल-नारळ दिला. थोरला नातू ध्वनिक्षेपकावर आजोबांची कहाणी सांगू लागला: एका बाईनं करणी केली, हात मोडला, तरी आजोबा डगमगले नाहीत. माणसं टाळ्या वाजवत होती. मी उठून त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, मला दोन शब्द बोलायचेत. त्यानं आदरानं ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, करणी नव्हती. मोटारीत वीज उतरत होती आणि अर्थिंगची तार मी काढली होती, आणि तुमच्या आजोबांना ते ठाऊक होतं. सोवळ्याचंही सांगितलं.  मग नातवानं हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, या बाबांचं आता वय झालंय, आणि गाणी लावायला खूण केली.

म्हणून लिहितो आहे. कागदावर गाणी लावता येत नाहीत.

त्या घराचं माझ्यावर काही ऋण नाही आणि मालकांची माफी मी मागत नाही. उद्या ते जिवंत होऊन अनवाणी आले तरी खटका मीच वर करीन. पण ज्या घरांनी आक्काला वाळीत टाकल्यासारखं केलं त्यांची मोजदाद करायची तर पहिलं घर मालकांचं नाही. त्या खंडेनवमीनंतर थोड्याच दिवसांत माझ्या बायकोचे दिवस भरत आले. तिची आई आमच्याकडं येऊन राहिली होती. जुनी मऊ लुगडी धुऊन, थर लावून ओसरीवर पसरली होती. कोणी बोलावलं नव्हतं तरी आक्का आली, नवं लुगडं नेसून, पदराच्या टोकाला तांदूळ बांधून. भावाच्या घरी बोलावणं लागत नाही, असं तिला वाटलं असावं.

माझ्या सासूबाई उठल्या आणि पसरलेल्या लुगड्यांच्या आणि तिच्या मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “तुमी नगा, बाई. पैलीच खेप हाय तिची.”

मी तिथंच खांबाला टेकून उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. ती तार माझी होती, एवढंच. आक्का क्षणभर थांबली. सासूबाईंकडं नाही, माझ्याकडं बघत. मग म्हणाली, “मी पोरीला बगायला आले हुते. बरी हाय ना?” आणि उंबऱ्यावरूनच परत फिरली. सासूबाई शेजारच्या आळीतून कोणालातरी घेऊन आल्या. त्या बाईनं टाका घातला. माझा मुलगा त्याच गोधडीत वाढला, आणि आत्याकडं जाऊ नको, असं त्याला त्याच घरात शिकवलं गेलं. शिकवताना मी ऐकत होतो.